मदत हवी आहे: शब्दाला वीस पैसे, हे काम धरावं का? (सांगली)

संगमकाठ

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं नुसती वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय.

मी हरिपूरला राहते. सांगलीत खणभागात एका छापखान्यात डीटीपी आणि मुद्रितशोधन करत होते. लग्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल, शाळांचे वार्षिक अंक, निवडणूक आली की पत्रकं. मालकांनी वयामुळे छापखाना बंद केला. इकडे सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, त्यामुळे दिवसभर घराबाहेर राहणं सध्या तरी जमणार नाही. घरबसल्या लिहायचं काही मिळेल का म्हणून शोधत होते. मराठी लेख देणाऱ्या एका साइटला 'फ्रीलान्स लेखक पाहिजेत' असं दिसलं. अर्ज केला, दुसऱ्या दिवशी उत्तर आलं.

त्यांचं म्हणणं असं: शब्दाला वीस पैसे. एक लेख साधारण आठशे शब्दांचा, म्हणजे एकशे साठ रुपये. पहिले तीन लेख नमुन्याचे, त्यांचे पैसे नाहीत, पण आवडले तर छापणार. लेखाखाली माझं नाव येणार नाही, 'संपादकीय टीम' असं येईल. सगळे हक्क कायमचे त्यांचे. महिना संपला की पुढे पंचेचाळीस दिवसांनी पैसे बँकेत. पॅन आणि रद्द केलेला चेक मागितलाय. डिपॉझिट वगैरे काही मागितलेलं नाही.

पहिला विषयसुद्धा पाठवलाय. 'हळदीच्या दुधाचे १० चमत्कारी फायदे'. हरिपूर म्हणजे हळदीचं गाव, तिथल्या बाईला हळद शिकवायला निघालेत, वाचून हसूच आलं. पण लिहायला बसले तर दहा फायदे जमेनात. चार झाल्यावर गाडी अडली.

आता प्रश्न. हा दर बरा आहे की कमी? पॅन दिला तर काही गडबड होते का? आणि मी आयुष्यभर श्रीलिपीत, म्हणजे छापखान्यातल्या जुन्या पद्धतीच्या मराठी फॉन्टांत टाइप केलंय, यांना युनिकोड पाहिजे, ते मला नीट येत नाही. कुणी या वाटेने गेलं असेल तर सांगा. घरात कुणाला विचारावं तर 'पैसे मिळतायत ना, मग कर की' एवढंच उत्तर येतं.

भडंग

ताई, डिपॉझिट मागितलं नाही म्हणजे निम्मी काळजी मिटली. 'घरबसल्या टायपिंग करा'वाले आधी रजिस्ट्रेशनचे पैसे घेतात, मग काम चुकलं म्हणून करारभंगाची नोटीस पाठवतात आणि दंड भरा म्हणून फोनवर फोन करतात. आमच्या गल्लीतल्या एका पोरीनं घाबरून पैसे भरलेसुद्धा. असलं काही झालं तर १९३० ला फोन करायचा, सायबर तक्रारीचा नंबर आहे तो. ओटीपी सांगायचा नाही, आणि 'मोबाईलवर हे ॲप घ्या, आम्ही इथून सेटिंग करून देतो' म्हणाले की फोन ठेवायचा.

तुमचं प्रकरण फसवणुकीचं वाटत नाही. पैसे कमी आहेत एवढंच. ते वेगळं दुखणं.

मेणवली घाट

मी वाईची. अनुवाद आणि संपादन घरूनच करते, त्यामुळे थोडं सविस्तर लिहिते.

शब्दाचा दर बघू नका, तासाचा काढा. आठशे शब्द नुसते टाइप करायचे असते तर तुमच्यासारखीला तासाभराचं काम. पण माहिती शोधा, ताडून बघा, लिहा, पुन्हा वाचा, त्यांच्या संपादकाने सुचवलेले बदल करा, यात चार तास सहज जातात. एकशे साठला चारने भागा. चाळीस रुपये तास. भांगलणीला गेलात तर याहून जास्त हजेरी पडेल.

म्हणून काम घेऊच नका असं मी म्हणणार नाही. सुरुवातीला हातात दाखवण्यासारखं काहीतरी लागतं, आणि इथेच ती साइट तुम्हाला खरी मारते आहे. पैसे कमी हे एक वेळ चालेल, पण नाव नाही म्हणजे उद्या दुसऱ्याकडे गेलात तर 'हा लेख माझा' असं म्हणायला पुरावा नाही. घासाघीस पैशांवर करण्याआधी नावावर करा. नाव देणं त्यांना फुकट पडतं, त्यामुळे बऱ्याचदा मान्य होतं.

तीन मोफत लेख तर अजिबात नाही. तीन गुणिले आठशे, चोवीसशे शब्द. नमुना म्हणजे एक, तोही तीनशे शब्दांचा, आणि छापला तर त्याचे पैसे. असे अर्ज शंभर जणांकडून आले तर साइटला तीनशे लेख फुकटात मिळतात, हा हिशेब त्यांनी केलेला असतो.

चाळीस पॉइंट

श्रीलिपीवाल्या ताईंना रामराम. मीही त्याच कुळातला.

तुमच्या जुन्या फाइली उघडून इथे चिकटवल्यात तर इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसेल, कारण त्या फॉन्टमध्ये 'क' च्या जागी खरं तर वेगळंच अक्षर साठवलेलं असतं, फक्त दिसायला 'क'. युनिकोडमध्ये 'क' चा स्वतःचा क्रमांक असतो, म्हणून तो कुठल्याही मोबाईलवर 'क'च राहतो आणि गूगलला सापडतो. साइटवाल्यांना युनिकोड हवं ते या सापडण्यासाठी.

विंडोजमध्ये भाषेच्या सेटिंगला जाऊन मराठी कीबोर्ड चालू करा, तो इनस्क्रिप्ट असतो. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं. तुम्ही छापखान्यात टाइपरायटरची मांडणी वापरत असाल तर पहिले काही दिवस बोटं शिव्या घालतील. सराव केला की सुटतं. रोमन अक्षरांतून मराठी उमटवणारी साधनं सोपी आहेत, पण डीटीपी केलेल्या माणसाला त्यात मजा नाही, वेगही येत नाही.

एक बारकं सांगतो. 'दुसऱ्या', 'वाऱ्या' यांतला अर्धा र. तो साध्या र ने केलात तर 'दुसर्या' असं होतं, रफार य वर जाऊन बसतो. त्यासाठी खाली टिंब असलेला ऱ घ्यायचा, मग हलन्त (पाय मोडायचं चिन्ह), मग य. मोठमोठ्या साइटींवर हे चुकलेलं दिसतं. तुमची मुद्रितशोधनाची नजर आहे, नमुना लेख पाठवताना असल्या जागा निर्दोष ठेवा. संपादक असेल तर त्याला दोन ओळींत कळतं की समोरचा माणूस कामाचा आहे.

मिरज जंक्शन

पॅन द्या, त्यात वावगं काही नाही. मानधनावर टीडीएस (पैसे देतानाच कापला जाणारा आयकर) कापायचा तर त्यांना पॅन लागतोच, आणि पॅन नसेल तर वीस टक्के कापतात. व्यावसायिक मानधनाला एरवी दहा टक्के, तेही एका कंपनीकडून वर्षात ५० हजारांच्या वर गेलं तर. कापलेली रक्कम आयकर खात्याच्या साइटवर तुमच्या पॅनखाली दिसते. तुमचं एकूण उत्पन्न करपात्र नसेल तर रिटर्न भरा, पैसे परत येतात. जीएसटीची नोंदणी वीस लाखांच्या उलाढालीनंतर. तिथवर पोचलात तर आम्हाला गणपती मंदिरासमोर भेळ द्या.

मला खटकलं ते 'सगळे हक्क कायमचे'. आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्याप्रमाणे पगारी नोकर नसलेल्या लेखकाच्या लेखाचा पहिला मालक लेखकच. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणजे कायदा गप्प बसणाऱ्या लेखकाच्या बाजूचा आहे. पण तुम्ही 'कायमचे, जगभर' अशा कागदावर सही केलीत की ही सवलत गेली. हळदीच्या दुधाचे हक्क गेले तर जाऊ द्यात. स्वतःच्या अनुभवातलं काही लिहाल तेव्हा मात्र 'प्रथम प्रसिद्धीचा हक्क तुमचा, पुस्तकाचे आणि इतर हक्क माझे' एवढं एक वाक्य घालून घ्या.

पंचेचाळीस दिवसांबद्दल. उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) करून ठेवा. सरकारी पोर्टलवर फुकट होते, एजंटला पैसे देऊ नका. सूक्ष्म उद्योग म्हणून नोंद असेल तर ग्राहकाला ४५ दिवसांच्या आत पैसे देणं बंधनकारक आहे. थकवले तर चक्रवाढ व्याज लागतं आणि सरकारकडे ऑनलाइन तक्रार करता येते. आणि हे ४५ दिवस त्यांनी तुमचा लेख स्वीकारल्यापासून मोजायचे, महिना संपल्यापासून नाही. एकशे साठ रुपयांसाठी कुणी तक्रार करत बसत नाही हे मलाही कळतं, पण बिलाखाली उद्यमचा नंबर छापलेला असला की हिशेबखातं जरा सरळ वागतं.

कमानी हौद

साताऱ्यातून लिहितोय. बाकी सगळं वर आलंच आहे, मी फक्त विषयाबद्दल बोलतो.

'चमत्कारी फायदे' लिहू नका. नैतिकतेचा डोस नाही देत, धंद्याचंच बोलतोय. आरोग्य आणि पैसा या विषयांवर कोण लिहितंय हे गूगल जास्त कडक बघतं. डॉक्टर नसलेल्या 'संपादकीय टीम'चा तो लेख वर यायचा नाही. तसले लेख हजारोंनी आहेत, आणि आता तर एआय असले दहा फायदे चहा उकळेपर्यंत काढून देतं. वीस पैसे दर त्यामुळेच आहे. उद्या तो आठ पैसे होईल आणि कामाला 'एआयचा लेख तपासून द्या' असं नाव पडेल.

तुमच्याकडे असं काय आहे जे एआयला काढता येणार नाही? तुम्ही हरिपूरच्या. तुमच्याकडे हळद साठवायची पेवं होती ना? त्याबद्दल इथेच चार ओळी लिहून दाखवा बघू.

संगमकाठ

सगळ्यांचे आभार. एवढ्या उत्तरांची अपेक्षा नव्हती. कमानी हौद, तुम्ही म्हणालात म्हणून आत्ता सासूबाईंच्या शेजारी बसून लिहिलंय. त्याच सांगत होत्या, मी टाइप करत होते. इनस्क्रिप्टवर, चुका असतील.

"पेव म्हणजे जमिनीच्या पोटातलं कोठार. तोंड माणूस उतरेल एवढंच, आत मात्र प्रशस्त. तळाला आणि कडेला पाला लावायचा, हळद भरायची, वर पुन्हा पाला आणि माती. आत कीड लागत नाही, वर्षानुवर्षं हळद राहते. भाव पडलेला असला की व्यापारी पेव बुजवून निवांत. उघडायच्या दिवशी मात्र घाई चालत नाही. तोंड मोकळं करून ठेवायचं, मग दोरीनं कंदील खाली सोडायचा. कंदील विझला की सगळे मागे सरकायचे. आत हवा नाही. तेवत राहिला तरच माणूस उतरायचा. २००५ च्या महापुरात पाणी पेवांत शिरलं. हळद गेलीच, पण आतली माती ढासळून पेवंही गेली. आता हळद गोदामात आणि कोल्ड स्टोरेजला ठेवतात."

एवढंच. यातून लेख होईल का?

कमानी हौद

होईल का म्हणजे? झालाच आहे की. कंदिलाचं वाक्य कुठल्या एआयला सुचणार नाही. हा त्या साइटला वीस पैशांनी देऊ नका.

टीआरपी

मी उलट बोलतो, राग मानू नका. मी अशाच एका साइटसाठी लिहितो. लेख सुरेख आहे, पण वाचक शोधतो काय? 'आजचा हळदीचा भाव', 'राजापुरी हळद भाव सांगली', 'हळद लागवड कधी करावी'. 'पेव' हा शब्द टाइप करणारा माणूस सापडणार नाही. ताईंना घर चालवायचंय, साहित्य संमेलनात बसायचं नाही.

त्यापेक्षा असं करा. लोक शोधतात तो प्रश्न मथळ्यात घ्या, 'हळद वर्षभर कशी साठवावी?', आणि आत तुमचं पेव येऊ द्या. जेठा गड्डा म्हणजे काय, हळकुंड वाळलं हे मोडल्यावर येणाऱ्या आवाजावरून कसं ओळखतात, हे सगळं लोकांना हवं असतं आणि बहुतेक साइटींवर चुकीचं असतं. भाव लिहिणार असाल तर पणन मंडळाच्या साइटवरून तारखेसकट घ्या, कुणाकडून ऐकलेला नको.

मेणवली घाट

टीआरपी यांच्याशी सहमत, मथळ्याबद्दल. एक भर. तपासायला मराठी विश्वकोश ऑनलाइन फुकट आहे (आमच्या वाईचा, म्हणून जाहिरात करून घेते), जुन्या माहितीला जिल्ह्याचं गॅझेटियर. भोंग्यासारखे एकमेकांचे उतारे वाजवणाऱ्या साइटींवर विसंबू नका.

आणि मुद्रितशोधन सोडू नका. माझ्या पाहण्यात आत्ता मराठीत लिहिणारे पुष्कळ आहेत, शुद्ध करून देणारे मिळत नाहीत. अनुवाद करून घेणाऱ्या कंपन्यांना 'मराठी तपासनीस' लागतात आणि त्यांचा दर लेखाच्या साइटीपेक्षा बरा असतो. अर्ज करताना छापखान्यातली वर्षं आधी लिहा, लेखनाची आवड नंतर.

संगमकाठ

साइटला कळवलं: एकच नमुना, तीनशे शब्द, नाव माझं, विषय 'हळद वर्षभर कशी साठवावी'. हक्कांचं वाक्य मिरज जंक्शन यांचं जसंच्या तसं घातलं. दर पस्तीस पैसे मागितला, मागताना हात कापत होता. उत्तर आलंय की नाव देऊ, नमुना एक चालेल, दर पंचवीसच्या वर नाही, हक्कांचं 'वरिष्ठांना विचारून सांगतो'.

तोवर अनुवादवाल्यांकडे अर्ज करतेय. तिथे 'तासाला किती पानं तपासता' असं विचारलंय. पतसंस्थेचा अहवाल आणि कथा यांचा वेग एक नसतो, तर काय आकडा लिहू?

मेणवली घाट

पानं लिहू नका, शब्द लिहा, पान प्रत्येकाचं वेगळं. आजच एखादा हजार शब्दांचा मजकूर घड्याळ लावून तपासा आणि येईल त्यापेक्षा थोडा कमी आकडा टाका. चाचणी द्यायला लावतील, ती देताना घाई नको. बिलाचा नमुना व्यक्तिगत निरोपातून पाठवते. आणि पेव पूर्ण लिहा. पंचवीस पैशांना देऊ नका, स्वतःच्या ब्लॉगवर टाका आणि अर्जात त्याचा दुवा द्या.