स्विस चाकू : ५८ की ९१ मिलिमीटर?

मदत हवी आहे. सातपूरला मेंटेनन्समध्ये नोकरी, रविवारी दिंडोरीला सासऱ्यांच्या द्राक्षबागेत. सध्या किल्ल्यांच्या जुडग्यात व्हिक्टोरिनॉक्स कंपनीचा 'क्लासिक' हा मिटल्यावर ५८ मिमी लांबीचा घडीचा चाकू आहे. वजन जाणवतही नाही, पण सुतळीपुढे त्यातली बिचारी कात्री हात टेकते. त्याच कंपनीचा ९१ मिमीचा 'हंट्समन' घ्यावा म्हणतो, त्यात करवतही आहे. रोज पँटच्या खिशात वागवणारे कुणी आहे का? जड होतो का? पट्ट्याला पाउच लावला तर बायको म्हणते, "एसटीचे कंडक्टर दिसताय!"

दुसरं, मुठीच्या लाल प्लास्टिकच्या बाजू काढून सागवानी बसवायच्यात. त्या पाती जोडणाऱ्या रिवेटच्या टोकांवर नुसत्या दाबून बसवलेल्या असतात, एवढं ठाऊक आहे. काढताना तडकल्या तर चालतील, पण पाती ढिली व्हायला नकोत. नाशिकमध्ये रविवार कारंजाच्या आसपास असं नाजूक काम करणारा कारागीर आहे का?