काढून टाकलेले एक्स्टेन्शन संगणक पुन्हा सुरू केल्यावर परत येते

प्रश्न

नमस्कार. माझ्या घरच्या संगणकावर विंडोज ११ आहे आणि मी क्रोम वापरतो. मागच्या आठवड्यात दोन पीडीएफ फायली एकत्र जोडण्यासाठी एक फुकट प्रोग्राम उतरवला आणि तो बसवताना काहीही न वाचता 'नेक्स्ट' दाबत गेलो. तेव्हापासून पत्त्याच्या पट्टीत काही शोधले की क्षणभर कुठला तरी अनोळखी पत्ता चमकून जातो आणि जाहिरातींनी भरलेले निकाल समोर येतात. शिवाय क्रोम बंद असतानाही पडद्याच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात ''तुमच्या संगणकात ५ व्हायरस आढळले'' अशी पाटी येते.

पहिल्या दिवशी एक अनोळखी एक्स्टेन्शन (क्रोमला जोडला जाणारा छोटा प्रोग्राम) दिसले ते काढून टाकले, पण संगणक पुन्हा सुरू केल्यावर ते परत आले आणि आता तर ते काढण्याचे बटणच चालत नाही. क्रोमच्या मेनूत सर्वांत खाली 'मॅनेज्ड बाय युवर ऑर्गनायझेशन' असे दिसते, जे घरच्या संगणकावर दिसण्याचे काही कारण नाही. विंडोजच्या स्वतःच्या अँटिव्हायरसच्या, म्हणजे डिफेंडरच्या, फुल स्कॅनमध्ये काहीच सापडले नाही. आता सगळे फॉरमॅट करावे का?

प्रतिसाद १

आपल्या वर्णनात दोन वेगळ्या तक्रारी आहेत. कोपऱ्यातील पाटी बहुधा व्हायरसची नसून एखाद्या संकेतस्थळाला आपण नकळत दिलेल्या नोटिफिकेशनच्या परवानगीची आहे. 'आपण रोबोट नाही हे सिद्ध करण्यासाठी अलाऊ दाबा' अशा पानांवर ती हमखास उकळली जाते. पाटी नीट पाहिलीत तर मजकुराजवळ बारीक अक्षरांत त्या संकेतस्थळाचा पत्ता असतो. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स येथे जाऊन तो पत्ता काढून टाका. क्रोम बंद असताना पाटी येते, कारण खिडकी मिटली तरी क्रोम पार्श्वभूमीत चालू राहू शकतो. सेटिंग्जच्या सिस्टम विभागात ती मुभा बंद करता येते. पाटीवर मात्र चुकूनही क्लिक करू नका.

प्रतिसाद २

फॉरमॅटची घाई नको. 'मॅनेज्ड' ही ओळ म्हणजे कोणीतरी रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यात) क्रोमसाठी पॉलिसी, म्हणजे सक्तीचा नियम, लिहून ठेवली आहे. मोठ्या कार्यालयांत सर्व संगणकांवर एकच एक्स्टेन्शन सक्तीने बसवण्यासाठी ही सोय असते आणि ॲडवेअर, म्हणजे जाहिराती लादणारे प्रोग्राम, तिचाच गैरफायदा घेते. पत्त्याच्या पट्टीत क्रोम, कोलन, दोन तिरक्या रेघा आणि पॉलिसी असे इंग्रजी अक्षरांत लिहा. उघडलेल्या पानावर 'एक्स्टेन्शन इन्स्टॉल फोर्सलिस्ट' नावाची नोंद असेल आणि तिच्यापुढे ३२ अक्षरांचा निरर्थक वाटणारा क्रमांक असेल, तर चोर सापडला. (काही अँटिव्हायरसही पॉलिसी लिहितात, त्यामुळे केवळ ती ओळ दिसली म्हणून दोषी ठरवू नये, आणि कार्यालयाच्या लॅपटॉपवर यातले काहीही करू नये.)

मात्र पॉलिसी आधी पुसू नका. ती पुन्हा लिहिणारा प्रोग्राम जिवंत असेल, तर नळ चालू ठेवून फरशी पुसल्यासारखे होईल. आधी सेटिंग्जमधील इन्स्टॉल्ड ॲप्सची यादी बसवल्याच्या तारखेनुसार लावा आणि त्या दिवशी पीडीएफच्या प्रोग्रामबरोबर आणखी काय आले ते पाहा. नंतर टास्क शेड्युलर (ठरलेल्या वेळी आपोआप कामे चालवणारी विंडोजची सोय) उघडा. प्रत्येक टास्कच्या ॲक्शन्स या पानावर नेमके काय चालवले जाते ते लिहिलेले असते.

प्रश्नकर्ता

त्याच तारखेला एक हवामानाचा आणि एक 'अपडेट हेल्पर' असे दोन प्रोग्राम आले होते, पीडीएफच्या प्रोग्रामसह तिन्ही काढले. टास्क शेड्युलरमध्ये 'अपडेट' हाच शब्द असलेले एक टास्क अजून आहे. ते लॉगऑनच्या वेळी ॲपडेटा फोल्डरमधील एक स्क्रिप्ट (आज्ञांची फाइल) पॉवरशेल या विंडोजच्या आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्राममार्फत खिडकी न दाखवता चालवते. पॉलिसीच्या पानावर आपण म्हणता तीच नोंद आहे.

प्रतिसाद २

परत येण्याचे रहस्य तेच. टास्क पुसा आणि ती स्क्रिप्टही पुसा. मग रजिस्ट्री एडिटरमध्ये 'लोकल मशीन' आणि 'करंट युजर' या दोन्ही शाखांत सॉफ्टवेअर, पॉलिसीज, गूगल या क्रमाने जा, तेथील 'क्रोम' नावाची की (रजिस्ट्रीतील कप्पा) आधी एक्स्पोर्ट करून जपून ठेवा आणि मगच काढा. संगणक पुन्हा सुरू करून पॉलिसीचे पान परत तपासा.

प्रतिसाद ३

डिफेंडरला काही का सापडले नाही, याचे उत्तर राहिले. ॲडवेअर बरेचदा आपल्याच संमतीने बसलेले असते, म्हणून ते व्हायरसमध्ये न मोजता 'संभाव्य नकोसे ॲप' या वेगळ्या वर्गात धरले जाते. विंडोज सिक्युरिटीत ॲप अँड ब्राउझर कंट्रोल, रेप्युटेशन-बेस्ड प्रोटेक्शन येथे अशा ॲपना अडवण्याची सेटिंग आहे, ती चालू आहे का ते पाहा. तेथील डाउनलोडची चौकट मायक्रोसॉफ्टच्या एज ब्राउझरपुरतीच काम करते, क्रोमला तिचा उपयोग नाही. शेवटी ॲडवक्लीनर हे ॲडवेअर शोधून काढणारे साधन एकदा चालवा; ते बसवावे लागत नाही, पण सापडलेली यादी वाचूनच क्वारंटाइन करा, म्हणजे वेगळे कोंडून ठेवा. 'ॲडवेअर रिमूव्हर' असे शोधून वर येणाऱ्या जाहिरातींतून काही उतरवू नका, कारण त्यांतले पुष्कळसे प्रोग्राम स्वतःच याच जातकुळीचे असतात.

डेस्कटॉपवरील क्रोमच्या शॉर्टकटचे प्रॉपर्टीज उघडून टार्गेटची ओळही वाचा. तिच्या शेवटी एखादा संकेतस्थळाचा पत्ता चिकटवलेला असेल तर तेवढाच खोडा.

प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. टास्क, स्क्रिप्ट आणि पॉलिसी काढल्यानंतर संगणक तीनदा बंद-चालू केला. 'मॅनेज्ड' ही ओळ गेली आणि शोधही सरळ होतो. शॉर्टकटमध्ये खरोखरच एक पत्ता चिकटवलेला होता. ॲडवक्लीनरला हवामानाच्या प्रोग्रामचे एक रिकामे फोल्डर आणि रजिस्ट्रीतील दोन नोंदी सापडल्या.

एक गोष्ट मात्र कोणाच्या लक्षात आली नव्हती. क्रोमचे सिंक (एकाच खात्याच्या सर्व संगणकांवर क्रोम सारखा ठेवण्याची सोय) चालू असल्यामुळे तेच एक्स्टेन्शन माझ्या लॅपटॉपवरही पोचले होते, जरी तेथे तो पीडीएफचा प्रोग्राम कधीच बसवला नव्हता. तेथे ते सरळ काढता आले. आता दोन्हीकडचे सिंक बंद ठेवले आहे आणि आठवडाभर काही परत आले नाही तरच ते सुरू करणार आहे.