पद्मिनीचे मागचे ब्रेक आणि ‘आधी मास्टर बदला’ हा सल्ला

घाटवाटा
जुन्या प्रीमियर पद्मिनी मोटारीचे पेडल कडक आहे, पण मागचे ब्रेक लागत नाहीत, असा प्रश्न इथे आला होता. त्यावर आधी मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर चाकांकडे ब्रेक ऑइल ढकलणारा भाग) बदलावा, असा सल्ला काल एका सदस्याने दिला आणि तो वाचून मला गप्प बसवेना. माझ्या १९७८ च्या गाडीत चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत आणि ब्रेकचे सर्किट एकच आहे. मास्टर दाब देत नसेल तर पुढची चाकेही थांबणार नाहीत. पेडल कडक आहे, पुढचे ब्रेक लागतात आणि मागची दोन्ही चाके मोकळी फिरतात, तेव्हा दोष मास्टरच्या पुढे, मागच्या वाटेवर शोधायचा असतो. पुढच्या चाकांना टेकू लावून मागचा भाग जॅकवर घ्यावा, दोन्ही बाजूंना स्टँड लावावेत, एकाने पेडल दाबावे आणि दुसऱ्याने चाक हाताने फिरवून पाहावे. दोन्ही चाके मोकळी असतील तर बॉडीपासून अ‍ॅक्सलपर्यंत जाणारा रबरी होज तपासावा. एकच मोकळे असेल तर त्या चाकाचा ड्रम उघडावा. एवढे न करता हजारो रुपयांचा सुटा भाग का बदलायचा?

कुर्लेकर
सल्ला मीच दिला होता, म्हणून उत्तरही मीच देतो. माझे वडील टॅक्सी चालवत. पेडल दाबून धरले की ते हळूहळू खाली बसायचे आणि बाहेर कोठेही गळती नसायची. मास्टरची रबरे बदलताच गाडी ठीक झाली. टॅक्सीवाल्यांच्या उस्तादांनी जन्मभर केलेले काम तुम्ही चार ओळींत मोडीत काढू नये.

घाटवाटा
पेडल खाली बसणे ही वेगळी तक्रार आहे आणि तिच्यावर तुमचा उपाय बरोबर आहे. परंतु मूळ प्रश्न विचारणाऱ्याने पेडल कडक असल्याचे स्पष्ट लिहिले होते.

तेलकट_हात
दोघेही एक गोष्ट विसरत आहात. माझ्या गाडीचा मागचा डावा ड्रम काढला तेव्हा ब्रेक शू (ड्रमला आतून दाबून चाक थांबवणारा भाग) काळा आणि ओला होता. बोटावर घेतलेले तेल दाट होते व त्याला गंधकासारखा उग्र वास येत होता. थेंब वाटीतल्या पाण्यात सोडला तर तो वर तरंगला. ब्रेक ऑइल पाण्यात मिसळते, म्हणजे हे मागच्या आसाच्या हाउसिंगमधले गिअर ऑइल होते. अ‍ॅक्सलचे ऑइल सील गेले होते. नुसता शू पुसून बसवला तर त्याच्या लायनरमध्ये (घासणाऱ्या अस्तरात) मुरलेले तेल पुन्हा बाहेर येते. सील आणि शू दोन्ही बदलावे लागतात.

आता माझी जुनी तक्रार. गॅरेजमध्ये व्हील सिलिंडरची (चाकातला, शू ढकलणारा छोटा सिलिंडर) रबरे पेट्रोलमध्ये किंवा रॉकेलमध्ये धुण्याची सवय अजून गेलेली नाही. पेट्रोलने ती फुगतात, पिस्टन अडकतो आणि दोन महिन्यांनी गाडी पुन्हा दारात उभी राहते.

कुर्लेकर
पेट्रोलवर सगळे खापर फोडू नका. आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या असेच धुतले जायचे आणि गाड्या धावायच्या.

तेलकट_हात
धावायच्या, कारण दर काही महिन्यांनी रबरे बदलली जायची. ब्रेक ऑइलनेच किंवा ब्रेक क्लीनरने पुसा, एवढेच माझे म्हणणे आहे. ब्रेक ऑइलच्या टाकीत इंजिन ऑइल ओतणाऱ्यांविषयी तर मला बोलावेसेही वाटत नाही. मास्टरपासून चारही चाकांपर्यंतची सगळी रबरे त्यांनी निकामी केलेली मी पाहिली आहेत.

कुर्लेकर
तुम्ही आमच्या माणसांना अडाणी ठरवत आहात, हे मला मान्य नाही. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईतून शेवटची पद्मिनी टॅक्सी गेली, तोवर त्या गाड्या याच हातांनी चालत्या ठेवल्या.

तेलकट_हात
त्या हातांविषयी मला आदरच आहे. पण आदरापोटी फुगलेले रबर मी सिलिंडरमध्ये बसवणार नाही.

घाटवाटा
वाद पुढे न्यायचा तर ब्रेक ऑइलच्या वयाविषयी बोला. डॉट ३ या प्रतीच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू ताजे असताना किमान २०५ अंश आणि ओलावा शोषल्यावर किमान १४० अंश सेल्सिअस असावा, असे मानक सांगते. खंडाळ्याच्या उतारावर मधला फरक जाणवतो.

पहिला_प्रश्नकर्ता
रविवारी तपासले. मागची दोन्ही चाके पेडल दाबूनही फिरत होती. चाकाजवळचा निपल (ब्रेक ऑइल बाहेर सोडण्याचा स्क्रू) सैल केल्यावर ब्रेक ऑइल थेंबाथेंबाने आले. होजचा बॉडीकडचा जोड सोडताच मात्र जोरात आले. होज कापून पाहिला. बाहेरून तो नव्यासारखा होता, आतले छिद्र सुजून सुईच्या टोकाएवढे उरले होते.

कुर्लेकर
ठीक आहे, या गाडीत मास्टर निर्दोष होता, हे मी मान्य करतो. तरीही रबरे किती जुनी आहेत ते आता तपासून घ्या, आणि त्यासाठी पेट्रोल वापरू नका.