मदत हवी आहे: नोकरी सांभाळून सीआयटीएस (आयटीआयत शिकवण्यासाठीचं निदेशक प्रशिक्षण) करता येईल का?

आयटीआय फिटर, एनसीव्हीटी (राष्ट्रीय व्यवसाय प्रशिक्षण परिषद) प्रमाणपत्र आहे. भोसरीत टूलरूममध्ये 9 वर्षं काम. रविवारी वस्तीतल्या मोठ्या माणसांना फिटिंग शिकवतो. परवा पन्नाशीच्या काकांनी व्हर्नियरवरचं माप पहिल्यांदा अचूक वाचलं आणि पुन्हा पुन्हा वाचून दाखवलं. आयटीआयत शिल्प निदेशक व्हायचं तेव्हाच पक्कं झालं.

सीआयटीएस 1 वर्षाचं, पूर्णवेळ. मुंबईच्या एनएसटीआयची (राष्ट्रीय कौशल्य प्रशिक्षण संस्थेची) माहिती काढली, पण घरात कमावणारा मी एकटाच आणि कंपनी महिन्याच्या वर रजा देत नाही. 'घरबसल्या करून देतो' म्हणणारे एजंट नकोत.

अनुभवाच्या आधारे आरपीएलमधून (आधीच्या कौशल्याला मान्यता देणारी पद्धत) सीआयटीएस होतं असं ऐकलं. ते आधीपासून शिकवणाऱ्या निदेशकांसाठीच आहे, की कारखान्यातल्या कामगारालाही चालतं? कोणी केलं असेल तर अनुभवाचा दाखला नेमका कोणाचा लागला?