विद्रूप, विरूपित की अमूर्त?

पिकासोच्या ‘वीपिंग वुमन’वर छोटं टिपण लिहितेय. १९३७चं चित्र, लंडनच्या टेट कलासंग्रहालयातलं. नाक बाजूने काढलंय, डोळे मात्र दोन्ही दिसतात, चेहरा हिरवा-पिवळा. अशा चेहऱ्याला विद्रूप म्हणायचं की अमूर्त? घरात दोन पार्ट्या पडल्यात.

– अमूर्त तर अजिबात नाही हो. अमूर्त म्हणजे ओळखू येईल अशी वस्तूच नाही, नुसते रंग आणि आकार. इथे बाई आहे, तिची लाल हॅट आहे, हॅटवर निळं फूल आहे, मग अमूर्त कसलं? १९१०-११ची पिकासोची आणि त्याचा जोडीदार चित्रकार ब्राकची चित्रं, म्हणजे विश्लेषणात्मक घनवाद (वस्तूचे तुकडे करून ती अनेक बाजूंनी दाखवायची शैली), ती जरा त्या वाटेला गेलेली, करड्या-तपकिरी तुकड्यांत माणूस हुडकावा लागतो. पण असतो.

– विद्रूपही नको. त्यात बघणाऱ्याची किळस येते. चित्रकाराने मुद्दाम आकार बदलला तर विरूपण, आणि चेहरा विरूपित.

– विरूपित चालेल, पुस्तकी आहे पण चालेल. फक्त सगळंच विरूपणाच्या खात्यात टाकू नका. नाक बाजूने आणि डोळे समोरून ही घनवादाची रीत, एकाच वेळी दोन-तीन जागांवरून बघणं, त्यात मोडतोड करायचा हेतू असेलच असं नाही. आता तोंडापाशी बघा. रुमाल दातांत धरलाय, आणि तेवढ्याच भागात पिवळा-हिरवा जाऊन निळसर पांढरं उरलंय, कडा काचेच्या तुकड्यांसारख्या, रुमाल कुठे संपतो, बोटं कुठे, दात कुठे, पटकन कळत नाही. हे नुसतं कोन बदलून बघणं नाही, हा आक्रोश आहे, इथे विरूपण म्हणा खुशाल.

– आणि याला सरळ ‘डोरा मारचं व्यक्तिचित्र’ म्हणावं का? मॉडेल तीच, पिकासोची त्या वेळची मैत्रीण, होती, पण त्याच वर्षीच्या ‘गेर्निका’ या त्याच्या युद्धविरोधी चित्रातही मेलेलं मूल घेऊन रडणारी आई आहे आणि हे चित्र त्याच विषयातून निघालंय. डोरा स्वतः फोटोग्राफर, ‘गेर्निका’ रंगत असतानाचे फोटो तिनेच काढलेत. तिला नुसती रडूबाई करून टाकणं मला तरी खटकतं. शिवाय व्यक्तिचित्र म्हटलं की मराठीत आधी लेखच आठवतो.

– मग ‘डोरा मारवरून केलेलं चित्र’ लिहा, भांडण मिटलं.

– बरं, तेच लिहिते. विरूपित फक्त तोंडाच्या भागासाठी ठेवते, डोळ्या-नाकाला ‘अनेक बाजूंनी पाहिलेला चेहरा’. लांबलचक झालं, पण असू दे.