फ्लाइट सिमसाठी (विमान उडवण्याच्या खेळासाठी) बेताच्या बजेटमधलं ग्राफिक्स कार्ड: नवं ८ जीबी की जुनं १२ जीबी?

विमानवेडा
मशीन असं आहे: रायझन ५ ३६००, बी४५० बोर्ड, १६ जीबी रॅम, जीटीएक्स १६६० सुपर (६ जीबी), ४५० वॅटचा पॉवर सप्लाय, १०८०पी मॉनिटर. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर २०२० आणि एक्स-प्लेन १२, दोन्ही चालवतो. डोंगरदऱ्यांतून सेसना फिरवताना काही तक्रार नाही. पण मोठ्या विमानतळावर एअरबस उतरवायला गेलो की चित्र अडकत अडकत चालतं, आणि तेही नेमकं धावपट्टी जवळ आल्यावर, नाक उचलायच्या वेळी. नवं आरटीएक्स ४०६० (८ जीबी) घ्यावं की वापरलेलं आरटीएक्स ३०६० (१२ जीबी)? माझा कल ४०६० कडे आहे, फ्रेम जनरेशनसाठी. वेगळं मत असेल तर कारणासकट सांगा, नुसतं "हेच घ्या" नको.

धावपट्टी२७
कारणासकट: ४०६०. तुमचं आत्ताचं कार्ड १२५ वॅट खातं, ४०६० चं ११५ मध्ये भागतं. पॉवर सप्लायला हात लावायची गरज नाही. ३०६० ला १७० लागतात. आणि फ्रेम जनरेशन म्हणजे तर सिमवाल्यांची चैन. प्रोसेसर दमला तरी दोन खऱ्या फ्रेमच्या मध्ये कार्ड आपल्या मनाने एक फ्रेम बनवून घालतं. प्रतिसाद थोडा उशिरा येतो, मान्य. पण आपण गोळीबाराचे खेळ खेळत नाही. एअरबस काही जॉयस्टिक हलवल्या क्षणी वळत नाही.

जुनाजाणता
साफ असहमत. एअरबसचं कॉकपिट, त्यावर सिमसाठी वेगळा विकत घेतलेला विमानतळ, आजूबाजूला उभी दहा विमानं, प्रत्येकाचं रंगकाम वेगळं. हे सगळं टेक्स्चर, म्हणजे वस्तूंवर चढवलेली चित्रं, व्हीरॅममध्ये (कार्डाच्या स्वतःच्या मेमरीत) बसायला हवं. फ्रेम जनरेशन चालू केलं की तेही त्याच ८ जीबीतून आपला वाटा मागतं. जागा संपली की उरलेला माल सिस्टिम रॅममध्ये जातो आणि पीसीआय स्लॉटमधून ये-जा सुरू होते. आता गंमत बघा: ४०६० ला या स्लॉटच्या आठच लेन (ये-जा करायच्या वाटा) आहेत, आणि बी४५० बोर्डावर त्या जेन ३ च्या, म्हणजे जुन्या पिढीच्या वेगाने चालणार. ३०६० ला पूर्ण सोळा मिळतात. शिवाय तुमची सिस्टिम रॅमच १६ जीबी, म्हणजे तिथेही गर्दी.

एक्स-प्लेनची तऱ्हा वेगळी. व्हीरॅम कमी पडली की तो टेक्स्चरचा दर्जा गुपचूप उतरवतो. फ्रेम ठीक दिसतात, पण धावपट्टीवरचा आकडा जवळ गेल्यावरही धुरकटच राहतो. नुसता फ्रेमचा काउंटर बघत बसणाऱ्याला हे कळतही नाही.

आधी_मोजा
दोघेही थांबा. कार्डच दोषी आहे हे कुणी ठरवलं? सेसना नीट आणि एअरबस अडकते, म्हटल्यावर माझा पहिला संशय प्रोसेसरवर. विमानाच्या सिस्टिम, कॉकपिटमधले स्क्रीन, उड्डाणाचं गणित, रहदारी, यातला बराच भार एकाच मुख्य थ्रेडवर, म्हणजे प्रोसेसरच्या कामाच्या एकाच रांगेवर पडतो. तो अडला की कार्ड हात बांधून बसतं.

फ्लाइट सिम्युलेटरमध्ये डेव्हलपर मोड चालू करून एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम) डिस्प्ले लावा. तिथे सरळ लिहून येतं: "लिमिटेड बाय मेनथ्रेड" (मुख्य थ्रेड अडतोय) की "लिमिटेड बाय जीपीयू" (ग्राफिक्स कार्ड अडतंय). त्यावर विश्वास नसेल तर रेंडर स्केल (कार्ड किती बारीक चित्र काढतं ते) निम्म्यावर आणा. फ्रेम वाढल्या नाहीत तर कार्ड निर्दोष. एक्स-प्लेनमध्ये डेटा आउटपुटमधली फ्रेम रेटची ओळ लावली की सीपीयूचा (प्रोसेसरचा) आणि जीपीयूचा वेळ वेगवेगळा दिसतो.

आणि मुख्य थ्रेडच अडत असेल तर रायझन ७ ५७००एक्स३डी हा प्रोसेसर बघा. बायोस (बोर्डाचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट केलं की याच एएम४ सॉकेटवर बसतो. तुमच्या ३६०० मध्ये ३२ एमबी एल३ कॅश (प्रोसेसरमधलीच वेगवान मेमरी) आहे, त्यात ९६. सिमला कॅशची फार भूक असते. नाहीतर आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

धावपट्टी२७
माणूस कार्ड विचारतोय आणि तुम्ही प्रोसेसर विकताय. मुख्य थ्रेड अडतो हे धरून चालू. मग त्यावरच तर फ्रेम जनरेशन हा उपाय आहे!

आधी_मोजा
मलमपट्टी आहे, उपाय नाही. खऱ्या २० फ्रेमच्या ४० दिसल्या तरी हाताला २०च जाणवतात. वरून सिम क्षणभर अडकतो ना, तो झटका तसाच राहतो, कारण पुढची खरी फ्रेम आल्याशिवाय मधली बनणारच नाही. आणि उतरताना उंचीच्या पट्टीकडे नीट बघा. शेवटचे दोन आकडे भराभर फिरत असतात, तिथे ओल्या शाईवर बोट फिरवल्यासारखा फराटा दिसतो. क्रूझमध्ये, म्हणजे उंचावर सरळ उडताना, हे सगळं खपतं. यांची तक्रार क्रूझची नाही, शेवटच्या पन्नास फुटांची आहे.

ढगफोड्या
इंटेलच्या आर्क बी५८० चं नाव कुणीच कसं घेत नाही? नवं कार्ड, १२ जीबी, दोघांचंही समाधान.

जुनाजाणता
कागदावर छान. पण त्याच्या ड्रायव्हरचा बोजा प्रोसेसरवर पडतो, आणि ३६०० सारख्या जुन्या प्रोसेसरवर तो चांगलाच जाणवतो. आधीच दमलेल्याच्या डोक्यावर आणखी ओझं कशाला? शिवाय रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची पूर्ण मेमरी एकदम वापरू देणारी बायोसमधली सोय) चालू नसेल तर ते कार्ड घेऊच नये. आणि १९० वॅट, ते वेगळंच.

विमानवेडा
मोजलं. गेटवर एअरबसमध्ये मेनथ्रेड. रेंडर स्केल निम्म्यावर आणूनही फ्रेम जागच्या हलल्या नाहीत. पण ढग अल्ट्रावर ठेवून वादळात शिरलो की जीपीयू. म्हणजे अपराधी दोन आहेत. टेरेन लेव्हल ऑफ डिटेल (लांबचा परिसर किती बारकाईने दाखवायचा ते) २०० वरून १०० वर आणल्यावर विमानतळावर बराच फरक पडला, लांबच्या इमारती उशिरा उगवतात एवढंच. उड्डाण चालू असताना रॅम जवळपास काठोकाठ भरलेली दिसते. आधी रॅम ३२ जीबी करतो. कार्ड त्यानंतर, आणि कल अजून ४०६० कडेच आहे.

जुनाजाणता
रॅमचं बरोबर. पण २०२४ च्या फ्लाइट सिम्युलेटरची अधिकृत यादी एकदा वाचा: शिफारस केलेल्या मशीनसाठी ८ जीबी व्हीरॅम आणि ३२ जीबी रॅम, त्यावरच्या "आयडियल" पायरीला १२ जीबी व्हीरॅम. आज ८ वाला म्हणजे सुरुवातच काठावरून.

धावपट्टी२७
आयडियलच्या त्याच ओळीत ६४ जीबी रॅमसुद्धा आहे, ती पण घ्यायला सांगा! १०८०पी वर टेक्स्चर अल्ट्राऐवजी हाय ठेवलं तर ८ जीबीत व्यवस्थित भागतं. वापरलेल्या कार्डाला ना वॉरंटी, ना मागच्या मालकाने त्याचं काय केलं याचा पत्ता.

जुनाजाणता
म्हणून समोर बसून तपासायचं. अर्धा तास भार देऊन चालवायचं, पंख्यांचा आवाज ऐकायचा, तापमान बघायचं, स्क्रीनवर रंगीत ठिपके येतात का तेही. आणि विमानवेडा, एक नक्की लक्षात ठेवा: ३०६० याच नावाने ८ जीबीचंही कार्ड निघालं होतं, त्याची मेमरी बस (मेमरीकडे जाणारी वाट) १२८ बिट आहे. १२ जीबीवाल्याची १९२. खोक्यावरच्या नावावर जाऊ नका, जीपीयू-झेड (कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडून मेमरी आणि बस दोन्ही बघा, मगच पैसे द्या.