कोलकाता सहल: अष्टमीच्या बसचं काय करायचं?

माई (सहल समिती):
नमस्कार मंडळी,
बसवाल्याचं उत्तर आलं. दुर्गापूजेच्या अष्टमीला दुपारनंतर तो गाडी उत्तर कोलकात्यात न्यायला तयार नाही. बाकी ठरल्याप्रमाणे. हाजरा रोडच्या महाराष्ट्र निवासशी खोल्यांचं बोलणं चालू आहे. बस ठेवायची की सोडायची ते आजच कळवा, त्याला आगाऊ रक्कम पाठवायची आहे.

नाना:
बस हवीच. हंपीच्या सहलीत चालून काय हाल झाले ते सगळ्यांनी पाहिलंय. आमच्या दोघांचे गुडघे बघता रात्रभर पायपीट जमणार नाही. हा नाही म्हणत असेल तर दुसरा बसवाला शोधा. पैसे थोडे जास्त गेले तरी चालतील.

अक्का:
नाना, दुसरा आणला तरी तो हेच सांगेल. यांची बदली तिकडे होती तेव्हा पूजा जवळून पाहिली आहे, म्हणून लिहिते. पूजेच्या दिवसांत मोठ्या मंडपांभोवतीचे रस्ते पोलीस संध्याकाळी गाड्यांना बंद करतात. बस दूर कुठेतरी उभी राहणार आणि चालणं काही चुकणार नाही. तिथली माणसं मेट्रोनेच फिरतात. हाजऱ्याहून जतीन दास पार्क स्टेशन जवळ. शोभाबाजारला उतरलं की राजबाडी म्हणजे जुना राजवाडा, आणि कुमारटुली पार्क व आहिरीटोला हे मंडप पायी होतात. कॉलेज स्क्वेअरला तळ्यातली रोषणाई बघायची तर महात्मा गांधी रोड. दक्षिणेकडचं देशप्रिय पार्क, त्रिधारा, बादामतला हे सगळे मंडप कालीघाट स्टेशनवरून.
एक अडचण मात्र आहे. गेल्या काही वर्षांत सप्तमी ते नवमी मेट्रो पहाटेपर्यंत धावते, पण सुरूच दुपारी होते. सकाळच्या पुष्पांजलीला ती उपयोगाची नाही. माझं मत विचाराल तर बस सकाळी घ्या आणि रात्री मेट्रो. बसवाल्याला सोडू नका, त्याची वेळ बदला.

बापू:
उपासाचं काय ठरलं? आमच्याकडे नऊ दिवसांचे उपास असतात. तिथे म्हणे मंडपाबाहेरच अंड्याचे रोल आणि मटण.

अक्का:
बापू, खरं आहे. दुर्गा म्हणजे त्यांची माहेरी आलेली लेक, त्यामुळे घरोघरी चांगलंचुंगलं होतं. मंडपातला भोग मात्र बहुतेक ठिकाणी खिचडी, लाबडा म्हणजे मिश्र भाजी, वांग्याची भजी आणि पायेश म्हणजे खीर असा असतो. उपासाला तोही चालणार नाही. साबुदाणा आणि दाण्याचं कूट इथूनच न्या.

भोंडला समिती:
सप्तमीला आपला भोंडला असतो हे सहल समितीला माहीत होतं. तरी तारखा आम्हाला न विचारता ठरल्या. गाणी म्हणणाऱ्या निम्म्या बायका कोलकात्याला निघाल्या, आता फेर कुणी धरायचा? पुढच्या वर्षी तारखा आधी आमच्याकडे याव्यात.

माई:
भोंडल्याबद्दल फोनवर बोलू. इथे फक्त बस. अक्कांचं म्हणणं मला पटतंय, बाकीच्यांनी लिहा.

ताई (ग्रंथालय):
बस सकाळी असेल तर सप्तमीला अगदी पहाटे घाटावर चला, ही माझी कळकळीची विनंती. नवपत्रिकेला गंगेवर न्हाऊ घालतात. केळ, अळू, हळद, जयंती, बेल, डाळिंब, अशोक, मानकचू आणि भात अशा नऊ वनस्पती एकत्र बांधून, लाल काठाची पांढरी साडी नेसवून गणपतीशेजारी उभ्या करतात. पुढे ढाकी म्हणजे तिथले ढोलवाले ढाक वाजवत चालतात. केळीच्या पानावरून ओढलेला तो ओला पदर पाहिला आणि मला आजोळच्या तेरड्याच्या गौरी आठवल्या. आपणही रोपंच आणतो, त्यांना साडी नेसवतो, हळदीकुंकू लावतो. माझ्या मते या सहलीत बघण्यासारखं खरं हेच आहे. दुबईच्या बुर्ज खलिफा इमारतीसारखे मंडप फोटोतही दिसतात.

नाना:
ताई, गौरी भाद्रपदातल्या. त्यांचा याच्याशी संबंध जोडू नका.

ताई:
नाना, महिना वेगळा हे मान्य. पण रोपाच्या रूपात देवी घरी येणं दोन्हीकडे आहे आणि नवरात्रात आपण घटात धान्य पेरतो तेही त्याच जातीचं. देखावे बघू नका असं मी म्हणत नाही. युनेस्कोने 2021 मध्ये कोलकात्याच्या दुर्गापूजेला वारशाच्या यादीत घेतलं, त्यात मंडपांच्या कलेचा वाटा मोठा आहे. पण रात्रभर रांगेत उभं राहून एकेका मूर्तीपुढे क्षणभर थांबायचं, हे नानांच्या गुडघ्यांना झेपायचं नाही. बागबाजारची एकचाला, म्हणजे सगळे देव एकाच चौकटीत असलेली मूर्ती सकाळी निवांत बघता येईल. शोभाबाजार राजबाडीची पूजा 1757 पासूनची, ती ठाकूरदालनात म्हणजे वाड्यातल्या पूजेच्या दालनात असते. तिथे जरा टेकून देवीचा चेहरा नीट पाहता येईल.

नाना:
मूर्ती सकाळी दिसत असेल तर हरकत नाही. पण रोषणाई? एवढ्या लांब जाऊन दिवे न बघता परत यायचं का?

अक्का:
कॉलेज स्क्वेअर एका रात्री करू, तेवढंच. जिने बेताने चढू, घाई कुणालाच नाही. आणि माई, संधिपूजेची वेळ पंजिकेत म्हणजे बंगाली पंचांगात बघून मगच बसचे तास पक्के करा. अष्टमीची शेवटची 24 मिनिटं आणि नवमीची पहिली 24, अशी ती पूजा. तिथीप्रमाणे कधी दुपारी येते, कधी मध्यरात्री. 108 दिवे लावतात, ते चुकवू नका.
दुसरं, सप्तमीआधीच्या रात्री विमान उतरतं तेव्हा व्हीआयपी रोडवर श्रीभूमीच्या मंडपाची गर्दी असणार. 2021 मध्ये बुर्ज खलिफाचा देखावा तिथेच होता आणि शेवटी बाहेरच्यांना मंडपात जाणं बंद करावं लागलं होतं. गाडीवाल्याला न्यू टाउनवरून यायला सांगा.

बापू:
साबुदाणा सामानात टाकायचा की हातातल्या बॅगेत?

खजिनदार:
सामानात.
सप्तमी आणि अष्टमी, पहाटे साडेचार ते दुपारी बारा, अशी बसची आगाऊ रक्कम आज पाठवतो. संधिपूजा दुपारी आली तर तास वाढवून मिळतील का, ते माईंनी विचारावं. नाना, तुमचे दोघांचे पैसे अजून आलेले नाहीत.